ब्रँडचे नाव चिनी भाषेत नेताना आणि चिनीतून इंग्रजीत आणताना: पायरीपायरीने करायचे काम

देवनागरीत कोणतेही परकीय नाव आपण सहज लिहू शकतो. 'कोका-कोला' असे लिहिले की उच्चार पोहोचतो आणि अर्थाचा प्रश्न येत नाही. चिनी लिपीत ही सोय नाही. तिथले प्रत्येक चिन्ह उच्चाराबरोबर स्वतःचा अर्थही घेऊन येते, त्यामुळे नाव केवळ उच्चाराप्रमाणे लिहायचे म्हटले तरी प्रत्येक उच्चारासाठी अनेक चिन्हांतून एक निवडावे लागते आणि ते निवडले की त्याचा अर्थ नावाला चिकटतोच. म्हणून चिनी बाजारासाठी ब्रँडचे नाव 'भाषांतरित' करणे हे खरे तर दुसऱ्यांदा केलेले बारसे आहे, आणि ते कंपनीने स्वतः, वेळेवर केले नाही तर दुकानदार, वार्ताहर किंवा एखादा नोंदणीबहाद्दर ते परस्पर उरकून टाकतो. १९२७ च्या सुमारास कोका-कोला शांघायमध्ये विकले जाऊ लागले, तेव्हा काही दुकानदारांनी मनाला येतील ती चिन्हे वापरून पाट्या रंगवल्या आणि त्यांतल्या एकीचा अर्थ 'मेणाचे बेडूकपिल्लू चावा' असा काहीसा निघत होता. पुढे कंपनीने स्वीकारलेले 'खऽखौ खऽलऽ' हे नाव मूळ उच्चाराच्या जवळ आहे आणि त्याचा अर्थ 'चविष्ट आणि आनंददायी' असा होतो.

या लेखात चिनी उच्चार देवनागरीत शक्य तितके जवळ दिले आहेत, आणि 'चिन्ह' हा शब्द चिनी लिपीतील एका अक्षराकृतीसाठी वापरला आहे.

आधी कामाचे टिपण

नावे सुचवायला बसण्यापूर्वी ग्राहक कंपनीकडून काही उत्तरे लेखी घ्यावीत. माल नेमका कुठे विकायचा आहे, हा पहिला प्रश्न. चीनची मुख्य भूमी आणि सिंगापूर येथे सोपी केलेली चिन्हे चालतात. हाँगकाँग, मकाव आणि तैवान येथे पारंपरिक चिन्हे चालतात, शिवाय हाँगकाँगमध्ये बोलायची भाषा कँटोनीज आहे. मर्सिडीज-बेंझचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. मुख्य भूमीवर ती 'बन-छ' आहे, म्हणजे 'वेगाने धावणे'. हाँगकाँगमध्ये 'पिंग-जी' आणि तैवानमध्ये 'बिन-श'. एकाच गाडीची तीन चिनी नावे झाली, कारण ती त्या त्या ठिकाणी वेगवेगळी रुजली. आज नव्याने नाव ठेवणाऱ्याने शक्य तर तिन्हीकडे चालणारे एकच नाव शोधावे, आणि ते जमत नसेल तर तसा निर्णय जाणूनबुजून घ्यावा.

ग्राहक कोण, माल महाग की रोजच्या वापरातला, नाव परदेशी वाटावे की घरचे, रोमन लिपीतले मूळ नाव वेष्टनावर राहणार का, आणि अखेरचा होकार कोण देणार, हेही विचारून ठेवावे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण चिनी न येणारा वरिष्ठ अधिकारी शेवटच्या बैठकीत 'हे मूळ नावासारखे ऐकू येत नाही' एवढ्याच कारणाने चांगले नाव बाजूला सारू शकतो. उच्चाराचे साम्य किती टक्के महत्त्वाचे आणि अर्थ किती, हे आधी ठरलेले असेल तर तो प्रसंग टळतो.

कोणत्या वाटेने जायचे

पहिली वाट केवळ अर्थाची. ॲपलचे चिनी नाव म्हणजे सफरचंदाचा नेहमीचा शब्द, मायक्रोसॉफ्टचे 'सूक्ष्म' आणि 'मऊ' ही दोन चिन्हे, फोक्सवॅगनचे 'जनसामान्य'. मूळ नावाला स्पष्ट अर्थ असेल आणि तो चिनी ग्राहकालाही लगेच कळत असेल, तेव्हाच ही वाट धरावी. दुसरी वाट केवळ उच्चाराची. परकी नावे लिहिताना वारंवार वापरली जाणारी काही ठरावीक चिन्हे आहेत. ती दिसली की वाचणाऱ्याला 'हे परदेशी नाव आहे' असे कळते आणि तो अर्थ शोधत बसत नाही. मॅकडोनाल्ड्सचे नाव या वाटेचे आहे. ते कँटोनीज उच्चारावरून घडले, म्हणून मँडरिनमध्ये, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेत, मूळ नावापासून थोडे दूर वाटते. २०१७ मध्ये मुख्य भूमीवरील कंपनीने आपले नोंदणीकृत नाव बदलून 'सोनेरी कमान' अशा अर्थाचे केले, पण दुकानांवरची पाटी जुनीच ठेवली; रुळलेल्या नावाची किंमत त्यांना ठाऊक होती.

तिसरी वाट दोन्ही साधण्याची, आणि सर्वांत स्मरणात राहणारी नावे या वाटेने आली आहेत. आयकिया 'ई-ज्या' झाले, म्हणजे 'घराला साजेसे'. रीबॉकचे नाव 'तल्लख पावले' असे वाचता येते, टाइड या धुण्याच्या पावडरचे 'डाग घालवणे' असे. कारफूर या फ्रेंच दुकानसाखळीच्या 'ज्या-लऽ-फू' या नावात घर, आनंद आणि सौभाग्य अशी तीन चिन्हे ओळीने आली. चौथी वाट पूर्ण नव्या नावाची. हेनिकेन या बिअरचे 'शी-ली' हे नाव 'आनंद' आणि 'शक्ती' यांचे आहे, मूळ उच्चाराशी त्याचे नाते पुसट आहे. बीएमडब्ल्यूने तर आपल्या पहिल्या अक्षराचा धागा पकडून 'बाओ-मा', म्हणजे 'मोलाचा घोडा', हे नाव घेतले.

माझे मत असे, की तिसरी वाट नेहमी आधी चोखाळून पाहावी, पण तिच्या मोहात अडकू नये. २०१७ मध्ये एअरबीएनबी या घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीने निवडलेल्या 'आय-बी-यिंग' या नावातली चिन्हे एकेकटी पाहिली तर छान आहेत: प्रेम, परस्पर, स्वागत. तरीही ते नाव उच्चारायला अवघड आणि बनावटी वाटते, अशी टीका चिनी लोकांनी लगेच केली. मंगल चिन्हांची माळ ओवली म्हणजे नाव होत नाही. बोलताना ते एका झटक्यात तोंडातून निघावे लागते.

चिन्हांची छाननी, एका नावावर

इचलकरंजीच्या एखाद्या कापड कारखान्याने हलक्या सुती कपड्यांसाठी 'सारंग' हा ब्रँड काढला आणि तो चीनमध्ये विकायचा ठरवला, अशी कल्पना करू. मालकांच्या मनात सारंग राग आहे, पण चिनी ग्राहकाला तो माहीत नाही, म्हणून अर्थाची वाट इथेच बंद होते. उच्चाराकडे वळावे लागते.

मँडरिनमध्ये सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारा आवाजाचा चढ-उतार, सोडून मोजले तर जेमतेम चारशे वेगवेगळे उच्चार आहेत, सुरांसह सुमारे तेराशे. मराठीतला कोणताही ध्वनी त्या साच्यात बसवावा लागतो. 'सा' सरळ बसतो. 'रं'चे तसे नाही. मँडरिनचा 'र' जीभ मागे वळवून घासत उच्चारला जातो, आपल्या 'र'पेक्षा तो बराच वेगळा आहे. शिवाय त्या उच्चाराची हाताशी येणारी चिन्हे 'माघार घेणे' आणि 'ओरडणे' अशा अर्थांची आहेत. परकीय 'र'साठी 'ल' घेण्याची चिनी पद्धत आहे, ती इथे उपयोगी पडते आणि साचा 'सा-लांग' असा ठरतो.

आता प्रत्येक उच्चाराची सगळी चिन्हे, चारही सुरांतली, कागदावर उतरवावीत. 'सा'ची चिन्हे थोडी आहेत. एक परकी नावे लिहायला वापरले जाते आणि 'बोधिसत्त्व' या शब्दाच्या चिनी रूपातही येते. एक 'शिंपडणे' अशा अर्थाचे आहे, एक 'विखुरणे' किंवा 'सोडून देणे' अशा अर्थाचे. आणि एक आहे वाऱ्याच्या सळसळीचे, ज्याला अलीकडच्या बोलीत 'तडफदार, ऐटबाज' असा अर्थ आला आहे. आत्मविश्वासाने वावरणाऱ्या स्त्रीचे कौतुक करताना तरुण चिनी मंडळी ते सर्रास वापरतात. हवेशीर कपड्यांसाठी याहून योग्य चिन्ह शोधूनही मिळणार नाही. 'लांग'ची चिन्हे अधिक आहेत: उजळ-निरभ्र, लाट, लांडगा, ओसरी, तरुण पुरुष. लांडगा आपोआप बाद होतो. लाटेचे चिन्ह आकर्षक वाटते, पण त्याला 'स्वैर, उनाड' अशीही छटा आहे. उजळ-निरभ्रचे चिन्ह पुढे ठेवावे.

जोडी तयार झाली: 'सळसळता वारा' आणि 'निरभ्र'. सोप्या लिपीत पहिल्या चिन्हाला ९ आणि दुसऱ्याला १० रेघा लागतात, म्हणजे कपड्याच्या छोट्या लेबलावरही ती वाचता येतील. रेघांची संख्या मोजण्याची ही सवय सोडू नये. वीस-बावीस रेघांचे चिन्ह भरतकामात काळा ठिपका होऊन बसते. चिन्ह रोजच्या वापरातले आहे ना, हेही पाहावे. चीन सरकारने २०१३ मध्ये ८,१०५ प्रमाण चिन्हांची यादी जाहीर केली, पण त्यातलीही बरीच चिन्हे सामान्य वाचकाला अडतात. ज्या चिन्हाचा उच्चार ग्राहकाला ठामपणे येत नाही, ते नाव तो दुकानात मोठ्याने मागत नाही.

कानाची परीक्षा

कागदावर सुंदर दिसणारे नाव आता मोठ्याने, वेगवेगळ्या तोंडून ऐकावे. दक्षिण चीनमधले पुष्कळ लोक 'श' आणि 'स' यांत फरक करत नाहीत, काही प्रांतांत 'न' आणि 'ल' एक होतात. आपल्या 'सा'शी 'श' मिसळला तर 'ठार मारणे', 'मूर्ख' आणि 'अशुभ शक्ती' अशा अर्थांचे शब्द शेजारी येऊन उभे राहतात. दोन चिन्हे एकत्र ऐकताना यातला कोणता अर्थ खरोखर कोणाच्या मनात येतो, हे त्या भागातल्या माणसांनाच विचारावे लागते. कँटोनीजमध्ये हीच जोडी 'साप-लाँग' अशी वाचली जाते, म्हणजे हाँगकाँगमध्ये 'सारंग'शी असलेले साम्य बरेच ढिले पडते.

आणखी एक गोष्ट अनपेक्षित ठिकाणाहून येते. कोरियन भाषेत 'सारांग' म्हणजे प्रेम, आणि कोरियन मालिका पाहणाऱ्या चिनी तरुणांना 'मी तुझ्यावर प्रेम करतो' हे कोरियन वाक्य उच्चारानुसार चिनी चिन्हांत लिहिलेले पाठ असते. आपले नाव ऐकताच त्यांना ते आठवू शकते. हे कपड्यांच्या ब्रँडला तापदायक नाही, कदाचित फायद्याचेच आहे, पण ब्रँड कोरियन असल्याचा समज होणार असेल तर कारखान्याला ते आधी कळले पाहिजे.

समोच्चारी शब्दांची भीती किती खरी असते, याचे चांगले उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या बिंग या शोधयंत्राचे आहे. 'बिंग' हा उच्चार एका सुरात 'आजार' असा अर्थ देतो. २००९ मध्ये कंपनीने चिनी नाव 'बी-यिंग' असे दोन चिन्हांचे केले. 'मागाल ते मिळेलच' अशा अर्थाच्या एका जुन्या चिनी वाक्प्रचाराचा तो शेवटचा भाग आहे. आजाराचा संशय गेला आणि शोधयंत्राला नेमका शोभणारा अर्थ आला.

तक्ता आणि माणसे

यानंतर प्रत्येक उमेदवार नावासाठी एक पान तयार करावे. त्यात चिन्हे दोन्ही लिप्यांत, सुरांसह पिनयिन (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत), चिन्हांचे सुटे अर्थ, जोडीने होणारा अर्थ, कँटोनीज वाचन, ऐकताना गोंधळ होऊ शकेल असे शब्द, रेघांची संख्या आणि चिनी शोधयंत्रावर आधीपासून सापडणारे वापर असावेत. अनुवादकाने ग्राहक कंपनीला नुसती नावांची यादी पाठवू नये; ती पाठवली की निवड आवडीनिवडीवर होते.

तीन-चार नावे उरली की ती मुख्य भूमीवरच्या निरनिराळ्या भागांतल्या आणि वयांच्या लोकांपुढे ठेवावीत. 'नाव कसे वाटले?' असे विचारल्यास सभ्यपणे 'चांगले आहे' असेच उत्तर येते. त्याऐवजी हे नाव कसल्या मालाचे असेल, ते किती महाग असेल, कोणत्या देशाचे असेल, असे विचारावे. नाव एकदाच ऐकवून चिन्हांत लिहायला सांगावे. लोकांनी चुकीची चिन्हे लिहिली तर ग्राहकही चुकीच्या चिन्हांनी शोध घेणार, हे तिथेच कळते. पुण्या-मुंबईत चिनी शिकलेल्या मराठी माणसाचा कौल या टप्प्यावर पुरेसा नाही. पहिल्या यादीसाठी तो मोलाचा आहे, पण परीक्षा मातृभाषिकांनीच घ्यावी.

नोंदणी: सर्वांत महाग पडणारी पायरी

चीनमध्ये ट्रेडमार्कचा हक्क मुळात प्रथम अर्ज करणाऱ्याला मिळतो. नाव तुम्ही किती वर्षे वापरले याला मर्यादित महत्त्व आहे. म्हणून अंतिम नाव जाहीर करण्यापूर्वी, प्रदर्शनात पाटी लावण्यापूर्वी, वितरकाला कळवण्यापूर्वी अर्ज गेलेला असावा.

न्यू बॅलन्स या बूट कंपनीने चीनमध्ये 'शिन-बायलुन' हे नाव वापरले, पण त्या नावावर एका स्थानिक व्यावसायिकाचा आधीचा दावा होता. २०१५ मध्ये ग्वांगझौच्या न्यायालयाने कंपनीला ९ कोटी ८० लाख युआन भरपाई द्यायला सांगितली; २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने ती ५० लाखांवर आणली, तरी आपल्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालासाठी कंपनीला भरपाई द्यावी लागली. मायकेल जॉर्डन या अमेरिकन बास्केटबॉलपटूचा खटला आणखी बोलका आहे. एका चिनी क्रीडासाहित्य कंपनीने त्याच्या आडनावाचे चिनी रूप, 'छ्याओदान', नोंदवून घेतले होते. ८ डिसेंबर २०१६ रोजी चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी चिन्हांतल्या नावाबाबत जॉर्डनच्या बाजूने निकाल दिला, पण त्याच नावाच्या पिनयिन रूपावरचा त्याचा दावा मान्य केला नाही. त्यामुळे मूळ रोमन नाव, चिनी चिन्हे आणि पिनयिन अशा तिन्ही रूपांसाठी वेगवेगळे अर्ज करण्याचा विचार व्हावा. वृत्तपत्रांनी दिलेल्या टोपणनावावरही विसंबू नये. व्हायग्राला चिनी माध्यमांनी 'वेई-गऽ' हे चटकदार नाव दिले, ते एका स्थानिक कंपनीने नोंदवले आणि २००९ मध्ये व्हायग्रा बनवणारी फायझर कंपनी ते मिळवण्याचा खटला हरली. माध्यमांचा वापर म्हणजे कंपनीचा स्वतःचा वापर नव्हे, असे न्यायालयाने धरले.

तपशिलाच्या काही गोष्टी मराठी उद्योजकांना विशेष उपयोगी आहेत. चीन मालाच्या ४५ आंतरराष्ट्रीय वर्गांचे पुन्हा उपवर्ग पाडतो. पंचविसाव्या वर्गात कपडे एका उपवर्गात, पादत्राणे दुसऱ्यात आणि टोप्या तिसऱ्यात येतात. 'सारंग'ने फक्त कपड्यांचा अर्ज केला तर त्याच नावाची पादत्राणे दुसरा कोणी नोंदवू शकतो. भारत २०१३ पासून माद्रिद व्यवस्थेत, म्हणजे ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय अर्जाच्या व्यवस्थेत, आहे, त्यामुळे भारतातून चीनसाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी तेच चिन्हरूप आधी भारतात अर्जात असावे लागते आणि चिनी उपवर्गांवर ताबा राहत नाही. चिनी चिन्हांच्या नावासाठी तिथल्या एजंटामार्फत थेट अर्ज करणे मला अधिक सुरक्षित वाटते. परदेशी कंपनीला तिथे एजंट लागतोच. नोंदणी १० वर्षांची असते, मात्र सलग तीन वर्षे नाव वापरले नाही तर कोणीही ती रद्द करण्याची मागणी करू शकतो, म्हणून विक्रीची बिले, जाहिराती, वेष्टने तारखांसह जपून ठेवावीत. जिल्हा पातळीच्या किंवा वरच्या चिनी प्रशासकीय विभागांची नावे नोंदवता येत नाहीत, आणि २०१५ च्या जाहिरात कायद्यानुसार 'सर्वोत्तम', 'राष्ट्रीय दर्जाचे' असे शब्द जाहिरातीत चालत नाहीत, तेव्हा नावाला असली विशेषणे जोडण्याचा मोह टाळावा.

उलट दिशा: चिनीतून इंग्रजीत

इथे अडचण बदलते. चिनी नावाचा अर्थ आणि सूर दोन्ही रोमन लिपीत गळून जातात. उरतो तो पिनयिनचा सांगाडा. पिनयिनमधली क्यू, एक्स, झेडएच ही रोमन अक्षरे इंग्रजी वाचणाऱ्याच्या तोंडी भलतीच होतात. त्यामुळे पहिली कसोटी अशी, की नाव पिनयिनमध्ये लिहून ते चिनी न येणाऱ्या इंग्रजी भाषकाला वाचायला द्यावे. वाचन मूळच्या जवळ आले तर पिनयिन ठेवावे, जसे ह्वावेईने ठेवले. थोडे बिघडत असेल तर स्पेलिंगला मुरड घालावी: 'जी-ली', म्हणजे 'शुभ', या मोटार कंपनीने पिनयिनमधल्या Jili ऐवजी इंग्रजी वाचकाला योग्य उच्चार सुचवणारे Geely हे स्पेलिंग केले. 'हाय-शिन' या विद्युत उपकरणांच्या कंपनीने एक पाऊल पुढे जाऊन हायसेन्स हे उच्चाराला धरून असलेले आणि इंग्रजीत अर्थ देणारे नाव घडवले.

शब्दशः अर्थ नेताना फार जपावे. चिनीत 'बाय-श्यांग', म्हणजे पांढरा हत्ती, हे मंगल नाव आहे, कारण हत्तीचा उच्चार 'शुभ' या शब्दाशी जुळतो. इंग्रजीत मात्र पांढरा हत्ती म्हणजे काय, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. तो आपणही पोसतो. 'सुगंधी' अशा अर्थाचे 'फांग-फांग' हे सौंदर्यप्रसाधनांचे नाव पिनयिनमध्ये लिहिले की इंग्रजी वाचकाला विषारी दात दिसतात.

पूर्ण नवे नाव घेण्याचा निर्णय लेनोवोने २००३ मध्ये घेतला. कंपनीचे चिनी नाव 'ल्येन-श्यांग' तसेच राहिले. लेजेंड हे जुने इंग्रजी नाव अनेक देशांत इतरांच्या मालकीचे होते, म्हणून त्याचे 'ले' हे पहिले अक्षर ठेवून त्याला 'नवे' या अर्थाचा लॅटिन शब्द जोडला. एकाच कंपनीच्या 'डौयिन' आणि टिकटॉक यांच्यासारखी दोन बाजारांत दोन स्वतंत्र नावेही चालतात. याउलट रांजणगावात ज्याचा कारखाना आहे त्या हायरचे नाव दोन फेऱ्या मारून आले आहे. चिंगदाओच्या शीतकपाट कारखान्याने लीबहेर या जर्मन कंपनीशी करार केला, त्या जर्मन नावाच्या चिनी रूपाचा उत्तरार्ध स्वतःचे नाव म्हणून घेतला आणि तोच पुन्हा रोमनमध्ये लिहिला.

इंग्रजीतली अखेरची तपासणी करताना तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात: अपशब्द आणि बोलीतले अर्थ, शेजारच्या मोठ्या ब्रँडशी दिसण्या-ऐकण्यातले साम्य, आणि त्या देशातल्या चालू घडामोडी. 'छुआन-छी' या चिनी मोटार ब्रँडचे 'ट्रम्पची' (Trumpchi) हे रोमन नाव डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होण्याच्या पुष्कळ आधी ठरले होते. अमेरिकेत गाड्या विकण्याची योजना पुढे आली तेव्हा तिथे वेगळे नाव वापरण्याचा विचार कंपनीला करावा लागला. म्हणून प्रत्येक नव्या देशात शिरताना ही तपासणी पुन्हा करावी, आणि मुख्य नावाबरोबर एक पर्यायी नावही तिथे नोंदवून ठेवावे.